अळ्या मेल्या नाहीत, सर

सर, काल दुकानात एक शेतकरी आला, कागदाच्या पुडीत हरभऱ्यावरची अळी घेऊन. पुडी काउंटरवर आपटून म्हणाला, "पावणं, तुमच्या औषधानं मेली न्हाय की!" त्याचा नाही, मला तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ताजा.

नव्वदच्या दशकातली आपली प्रयोगशाळा. एका बाटलीत एकच अळी, दोन ठेवल्या की एकमेकींना खातात. आईनं डबाभर दिलेल्या गावठी हरभऱ्यातले चार दाणे मी कुंड्यांत लावलेत, रोपं फुलायच्या आतच त्यांचा सगळा पाला खुडून, वाळवून, कुटून अळ्यांच्या खाद्यात मिसळतोय. पाल्यात फिनॉल, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर. तपासणीच्या नळीत रंग गर्द निळा येतो. दुसऱ्या पाल्यावरच्या अळ्या बोटाएवढ्या झाल्या, या मात्र सुतळीच्या तुकड्यागत. खातात, पण अंगी लागत नाही. मी पळत तुमच्याकडे आलो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "मेल्या किती?"

"एकबी न्हाय सर, पण वाढल्या न्हाईत."

"मग काय, बारसं घालू त्यांचं?"

हसलो मीही. पण त्याच आठवड्यात तुमच्या घरी पाहुणे जेवायला आले. मी बाहेर पाण्याचे तांबे भरत होतो, आणि माझे कान किती तिखट आहेत ते तुम्हाला ठाऊक होतं. कुणी म्हणालं, "उसळ जरा तुरट हाय." तुम्ही म्हणालात, "पोराच्या आईच्या डब्यातलं संशोधन हाय ते, खावा!" सगळे खदखदून हसले. प्रयोगशाळेत जाऊन बघितलं, फळीवरचा आईचा डबा रिकामा होता. घरचं रान त्या साली उसाखाली गेलेलं. बियाणं तेवढंच होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "सगळं शिजवलं? मूठभर तरी ठिवायचं की."

अहो, अळी खुजी राहिली की कोषात उशिरा जाते, तोवर पाखरं टिपतात. पतंग झालाच तर अंडी कमी घालतो. आज हे कुणीही सांगतं. तुम्हाला फक्त मढी मोजायची होती! आजरा, गडहिंग्लज, एक बाजार सोडला नाही मी. दाणा चावून बघतो, तो तुरटपणा कुठंच नाही.

हे पत्र धाडणार कुठं? एवढंच सांगतो. अळीला बोट लावायचं नाही, ओल्या ब्रशानं उचलायची, हे तुम्ही शिकवलंत. तो ब्रश गल्ल्याशेजारी असतो. काल पुडीतली अळी मी त्यानंच उचलली, सर.