राजकन्या खरं काय म्हणाली

२० नोव्हेंबर १९२७, कलकत्ता

अब्रू गेली! टुनीला आमच्या कंपनीचं नवं चित्र दाखवायला नेलं. महाराज रणांगणात पडतात, सगळं थिएटर डोळे पुसतंय — आणि माझी बहीण खो-खो हसतेय! तिला स्वतःचं हसणं ऐकू येत नाही, त्यामुळे ते केवढं मोठं असतं हे तिला ठाऊक नाही. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. चित्र मुकं, म्हणून पडद्यावर संवादाची पाटी येते; ही माझी होती — 'हे मातृभूमी, तुझा पुत्र निरोप घेतो.' किती खपून लिहिली होती मी!

बाहेर येऊन विचारलं. म्हणाली, "दादा, राजा म्हणत होता — आटपा रे लवकर, मुंग्या चावतायत!"

लहानपणी तापात तिचे कान गेले. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत ती ओठ वाचायला शिकली. चित्रातल्या लोकांचेही वाचता येतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

दिग्दर्शक अघोरबाबूंना सहज गंमत म्हणून सांगितलं. चूक! त्यांनी टुनीला टॉलीगंजच्या स्टुडिओत बोलावून जुनी चित्रं दाखवली. एकेक भांडं फुटत गेलं. आमच्या नायिका मिस फ्लोरा प्रेमप्रसंगात नायकाला म्हणतात, "मेल्या, कांदा खाऊन आलास." आणि बटुकदा — आमचे कायमचे राक्षस — राजकन्येला खांद्यावर टाकून पळताना गर्जना करतात, ती आचाऱ्यासाठी असते: "मटणात बटाटा विसरू नकोस!"

मालक ब्रजगोपालबाबू तागाचे व्यापारी. लालबुंद झाले. "मी पैसे ओततो आणि हे बटाट्याच्या गप्पा मारतात?"

टुनीला नोकरी लागली! अभिनेते खरे संवाद म्हणतात की नाही हे बघायचं.

१ डिसेंबर

टुनी कॅमेऱ्याशेजारी वेताच्या स्टुलावर बसते. कुणी भलतंसलतं बोललं की हात वर. अख्खी कंपनी पाठांतर करतेय. बटुकदा पाठमोरे गर्जना करायला लागले.

"खगेन, ही तुझी बहीण आहे की फौजदार?"

टुनीने तेही वाचलं. "फौजदार," म्हणाली. बटुकदा कपाळाला हात लावून खाली बसले.

९ डिसेंबर

टुनीचं लग्न ठरलं. कृष्णनगरचे बिजवर, दोन दुकानं, दात मोजकेच. माघात मुहूर्त. आईने लगेच कालीघाटला पूजा देऊन टाकली.

रात्री टुनी म्हणाली, "दादा, मला बघून जाताना दाराशी ते भावाला सांगत होते — बायको बहिरी आहे तेच बरं, घरात शांतता राहील."

आईला सांगायला गेली. आई चुलीकडे तोंड करून काम करत होती, आणि तशीच बोलत राहिली. टुनीला आईचे ओठ दिसेनात. तिचं अडखळतं बोलणं आई ऐकते, पण समजून घेत नाही. "हो, हो, शालू छानच घेऊ," म्हणाली.

मी मध्ये पडलो नाही. दुसरं स्थळ कुठून आणू?

१४ डिसेंबर

मिस फ्लोरा मुंबईला पळाल्या! चित्र अर्धवट. मालक म्हणतात, कंपनीला कुलूप, शेडमध्ये ताग भरतो.

सगळे सुतकी चेहरे करून बसले होते. टुनी मात्र बटुकदांना दाखवत होती की राक्षस आला की राजकन्या कशी घाबरेल. नुसते डोळे आणि हात. बघता बघता सगळे भोवती जमले. अघोरबाबू उठून उभे राहिले.

"नाही!" मी ओरडलो. "आमच्या घरातली मुलगी चित्रात? छे!"

टुनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, बघायला येतात ते सगळे म्हणतात, बोलून दाखव. इथे कुणी म्हणणार नाही."

मी अघोरबाबूंकडे बघून होकाराची मान हलवली.

१६ डिसेंबर

आईला सांगितलं, टुनीचं काम वाढलंय. खोटं कुठे आहे?

२३ डिसेंबर

आजचा प्रसंग — राजा राजकन्येला राक्षसाच्या हवाली करतो. कॅमेरा अगदी चेहऱ्याजवळ. वाक्य माझंच: 'पित्याची आज्ञा मला शिरसावंद्य.' टुनीने एका दमात केलं. बटुकदा राक्षसाच्या वेषात हुंदके देत होते, दाढी सुटून हातात आली!

टुनी बरोबर बोलली का, हे बघायला कुणी नव्हतं. बघणारीच कॅमेऱ्यासमोर. मी पाटी रंगवून दिली.

३ जानेवारी १९२८

आईला कळलं! शेजारच्या काकूंनी बातमी पोचवली. आई जेवली नाही. "सोयरीक मोडेल! तोंड कुठे लपवू?"

संध्याकाळी बटुकदा खजुराच्या पाटाली गुळाची ढेप घेऊन दारात. आईने राक्षस ओळखला, किंचाळून मागे सरली. हा सहा फुटी माणूस सरळ तिच्या पायांवर! "मा, एकदा येऊन बघा. मग मला झाडूने मारा."

"झाडू बरोबर आणीन," आई म्हणाली. म्हणजे येणार!

५ जानेवारी

कंपनीच्या खोलीत चित्र लावलं. आई खरंच झाडू घेऊन आली. भिंतभर टुनीचा चेहरा. मान वळवायला जागाच नव्हती — आई बघत राहिली. मग माझी पाटी आली. आई म्हणाली, "पुन्हा दाखव." पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदाही. मग आईचेच ओठ हळूहळू हलायला लागले.

"खोटं लिहिलंयस, खगेन. ती म्हणतेय — मा, मला त्यांच्याकडे पाठवू नकोस."

आईने शेजारी बसलेल्या टुनीचा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नाही पाठवत."

मग माझ्याकडे वळून — "ऊठ. पोस्ट बंद व्हायच्या आत कृष्णनगरला तार कर."