कोपरापासून खाली राणी रंग

आबा, तुमचे हात काल मला नातीच्या कॉम्प्युटरवर दिसले. तुम्ही जाऊन एक जन्म झाला, मी इथं सोलापुरात चहाचा पेला धरून उभी, आणि समोरच्या काचेत तुमचे हात! पेला सुटला. स्टीलचा होता, फुटला नाही, पण पोरगी केवढ्यानं ओरडली, "आजी, कीबोर्ड!" बाप भेटल्यावर माणसानं कीबोर्ड बघायचा का?

सांगते मी, लिहिते ती. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच. वाचून दाखवते तेव्हा मी "हाय" म्हटलेलं "आहे" झालेलं असतं. असू दे, शिकलेली आहे, तिचंही थोडं चालू दे. ही पोरगी घरात बसून माणसं बनवते. दचकू नका, कॉम्प्युटरमधली, खोटी. एका युनिफॉर्मच्या कारखान्याला कपडे घालून दाखवायला माणूस हवा आहे. खऱ्यापेक्षा हा बरा म्हणे, घामेजत नाही, चहा मागत नाही. दिवसभर बुजगावण्यासारखा हात पसरून उभा. आणि त्याचं कातडं, आबा, ब्लाउज बेतावा तसं सपाट कापलेलं असतं. तोंडाचा तुकडा वेगळा, पोटाचा वेगळा, कोपरापासून खालचा वेगळा. मग ते अंगावर चढवायचं. ते सपाट पसरलेलं तोंड पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी भाकरी तशीच झाकून ठेवली.

काल त्यातला हातांचा तुकडा मशिनीला सापडेना. असं झालं की चूक कळावी म्हणून मशीन तेवढी जागा राणी रंगाची दाखवते. हे मला नंतर कळलं. मला दिसला तो कोपरापर्यंत गव्हाळ आणि तिथून बोटांच्या टोकांपर्यंत राणी झालेला माणूस. मधे रेघ मारल्यासारखी. रंगाच्या हौदातून सुताच्या लड्या काढून आत्ताच उभा राहिलेला.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?" मी पोरीला विचारलं.

"काय कुणी सांगितलं? टेक्श्चर गेलंय, आजी. चूक आहे ती. आत्ता काढते."

"चूक न्हाय. माझा बाप हाय त्यो."

ती हसली. मी मेलेल्या माणसांचीही थट्टा करते हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळं खरं बोलले की कुणाला पटत नाही.

तिला काय माहीत तुमचं डाईंग, तो सूत रंगवायचा कारखाना. मी एवढीशी, तुमचा डबा घेऊन येते आहे, आत वाफ, पायाखाली रंगाचं पाणी. त्या आठवड्यात चादरीला जो रंग तोच तुमच्या हातांना, आणि आई भाकरी वाढताना म्हणते, "आज हिरवं आलंय जेवायला." एकदा तुमच्यासारखे हात व्हावेत म्हणून मी तिथल्या बादलीत दोन्ही हात बुडवले. तुम्ही मनगट धरून राखेनं घासलं, रॉकेलनं घासलं, कातडं सोलवटेपर्यंत घासलं. "एका घरात असलं हात एकाचंच पुरं!" मी रुसून बोलायची बंद झाले. समजूत काढणं तुमच्या स्वभावात नव्हतं. बाजारातून राणी रंगाची रिबीन आणलीत आणि माझ्या पुढ्यात टाकलीत. "ही बांध. ह्यो रंग डोक्यावर चालतो."

हे सगळं मनात चाललेलं, तेवढ्यात पोरीला तो तुकडा कुठंतरी सापडला. तिनं बटण दाबलं आणि हात एका क्षणात स्वच्छ झाले. तेव्हा मात्र मी किंचाळले. आबा, ते पहिल्याहून वाईट होतं, कारण तेही मी बघितलेलं. डाईंग बंद पडलं आणि तुमचे हात उतरत गेले. शेवटी नखांच्या कडेला रंग राहिला, मग तिथूनही गेला. शेजारीण म्हणाली, "जावयासारखं हात झालं की वो तुमचं!" सगळे हसले. तुम्ही ओट्यावर बसून ते हात उलटेपालटे करून बघत होता, कुणीतरी तुमच्यापाशी ठेवायला दिल्यासारखे. त्यानंतर तुम्ही फार जगला नाहीत.

"परत कर," मी पोरीला म्हणाले.

"काय परत करू?"

"चूक. ती चूक परत कर की गं."

या वेळी ती हसली नाही. स्वच्छ हातांचा माणूस कारखान्याला गेला, राणी हातांचा तिनं माझ्यासाठी ठेवला. तुमचा फोटो कधी निघालाच नाही हे कळल्यावर तर तिला हुरूपच आला. "आजी, आता तोंड सांग. नाक कसं होतं? डोळे कसे? पणजोबा उभेच करते बघ."

"नगं," मी म्हणाले. "येवढा देखणा माणूस तुज्या मशिनीत मावायचा न्हाय."

दोघी हसलो. तिला ते खरं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. आबा, तुमचं तोंड मला आठवत नाही. पुष्कळ वर्षं झाली त्याला. हात तेवढे राहिलेत. पोरीला हे माहीत नव्हतं, आत्ता लिहितालिहिता कळलं, आणि तिचा हात थांबलाय. लिही, म्हणते मी तिला. लिही गं, बाय.