भर हंगामात अर्धा पगार

आप्पा,

लढाई सुरू झालेली तुम्ही पाहिली नाही, तेव्हा ती संपली हे तुम्हाला सांगून काय उपयोग. पण माझी नोकरी त्या लढाईमुळेच लागली. तुम्ही गेल्यावर मी मिशनच्या दवाखान्यात रक्त तपासायला शिकले, आणि आम्ही निपाणी सोडून बेळगावला आलो. इथे कॅम्पातल्या लष्करी दवाखान्यात मी शिपायांच्या रक्तात हिवतापाचे जंतू शोधते. थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. लढाईत काचांचे ढीग असत. आता वॉर्ड ओस पडलेत. परवा मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की तात्पुरत्या जागा जाणार, हुकूम कधी येईल ते सांगता येत नाही; गावातल्या धर्मार्थ दवाखान्यात मला घेतील, पण पगार निम्मा. मी ‘बरं’ म्हटलं, आणि परत जाऊन हातातली काच पुरी तपासली.

घरी सांगितलं नाही. घरी आई आहे आणि धाकटी, आणि मिळवणारी मी एकटी. धाकटी पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसेल. पगार घटला की सगळ्यांत आधी तिची शाळा सुटणार, हे मला दिसत होतं. आमच्या गल्लीत मुलींच्या बाबतीत तेच होतं, आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरलेली मी पाहिलेली नाही.

तेव्हा मला तुमची रीत आठवली. तुम्ही तंबाखूच्या वखारीत वजनाच्या काट्यावर होता. पावसाळा लागला की माल येणं थांबायचं, कामावरच्या बायका घरी बसायच्या आणि तुम्हाला अर्ध्या पगारावर ठेवायचे. पण तुमचा अर्धा पगार गुढीपाडवा झाला की लगेच सुरू व्हायचा. वखारीसमोर बैलगाड्यांची रांग लागलेली, अख्खी गल्ली शिंकत असते, आणि तुम्ही सणाच्या दुसऱ्या दिवशी रात्री ताटावर बसून सांगता, “आजपास्नं वखार बंद.”

“बंद? मग उद्या सकाळी कुठं निगालासा?” आई विचारते.

“वखारीत.”

“मग बंद कशी?”

“घरापुरती बंद.”

त्या दिवसापासून भात फक्त आजाऱ्याला. चहात दूध नाही. डाळीचं वरण जाऊन हुलग्याची पातळ आमटी येते. वाचलेला पगार आई गाडग्यात टाकते. शेजारची काकू भिंतीपलीकडून ओरडते, “व्हय गं, तुमच्यात सुगीतच दुष्काळ पडतोय का दरसाल?” आणि आई तिला उत्तर देते, “आमचं लवकर येतंय, लवकर जातंय.” मी त्या वेळी लहान. शेजारी आंबे आले होते, आणि मी ताट सरकवून दिलं होतं. तुम्ही रागावला नाहीत, ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलंत. “पगार गेल्यावर कमी वाढलं तर पोरं भ्यात्यात. आत्ता कमी वाढलं तर नुसती कुरकुरत्यात. कुरकुर कर, पर जेव.” मी जेवले. कुरकुरही केली.

ती रीत मी सुरू केली, फक्त माझ्यापुरती. टांगा सोडला, कॅम्पापर्यंत चालत जाऊ लागले. चहा बंद केला. डब्यातल्या दोन भाकऱ्यांपैकी एक परत आणायची, आणि आईनं विचारलं तर दवाखान्यात खायला मिळालं म्हणून सांगायचं. मला हिशेब चोख वाटत होता. आई आणि धाकटी होत्या तशाच राहतील, आणि हुकूम येईल तेव्हा वर्षाची फी माझ्या हातात असेल.

काही आठवड्यांनी दवाखान्याचा जिना चढताना मला धाप लागली. मग मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तेच स्वतःला सांगितलं, रक्त तपासून घे; बोटाला सुई टोचली आणि थेंब टिपकागदावर घेतला. रक्ताचा रंग शेजारच्या छापील पट्टीशी ताडून पाहायचा असतो. जितका फिका, तितकं रक्त कमी. माझा फिका निघाला. खिडकीशी नेऊन पाहिला, तरी फिकाच. रुग्णाला अशा वेळी आम्ही विचारतो, जेवता ना नीट?

त्याच संध्याकाळी आई डबा घेऊन माझ्यासमोर बसली. “ही भाकरी रोज परत येती. टांगा सोडलास. वाळत चाललीस. खरं सांग, कुठं लगीनबिगीन ठरवलंस का काय गं गुपचूप?”

मला हसू आलं, आणि मग सांगावंच लागलं. तिनं डब्यातली भाकरी काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, “तुजा बा बी पैल्या साली असाच हुता. पगार निम्मा झालेला मला सांगितला न्हाई. वखारीत जेवलो म्हणायचा, अन् भाकरी बैलाला घालून यायचा. एक दिवस काट्यावरच घेरी आली. चौघांनी उचलून आणला, तवा मला कळलं. लई बोलले मी त्याला. म्हटलं, घर काय तुमच्या एकट्याच्या पोटावर चालतंय? त्या सालापास्नं ताटावर बसून सांगायला लागला.”

आप्पा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मी तुमच्या रीतीतून खाण्यापिण्यातली काटकसर सगळी उचलली होती, आणि ताटावर बसून सांगणं, जे मला निव्वळ बोलणं वाटलं, तेवढंच सोडलं होतं.

त्या रात्री ताटावर मी सांगितलं, “आजपासून दवाखाना बंद.”

धाकटीनं वर पाहिलं. “बरं झालं. आक्काच्या लुगड्याचा फिनेलचा वास तरी जाईल.” मग तिला समजलं, आणि तिनं घास खाली ठेवला. “मग माझी शाळा?”

“फी आधी बाजूला काढायची,” मी म्हटलं. “उरेल त्यात जेवायचं.”

“आणि मी काही करायचं नाही?”

“खालच्या वर्गातल्या दोन पोरी शिकवायला घे.”

“त्या पोरी लई ढ आहेत गं.”

“मग जास्त दिवस येत्याल,” आई म्हणाली. “अन् ती शाळंतली बाई हिंडलग्यास्नं रोज चालत येती बिचारी. पुढची खोली तिला दिऊ. भाडं बी येईल, अन् हिच्यावर नजर बी राहील.”

आता बाई पुढच्या खोलीत राहतात. साऱ्या वर्षाची फी आईच्या गाडग्यात जमा आहे. भाकरी तिघींना सारखी वाढली जाते, आणि माझा डबा रिकामा परत येतो का ते आई स्वतः उघडून पाहते. हुकूम अजून आलेला नाही. आला, तरी धाकटी मॅट्रिकला बसेल एवढी सोय झाली आहे.

हे कागद आईच्या हाती लागले तर चिंता नाही, तिला वाचता येत नाही. धाकटीला येतं, म्हणून मी ते आजच चुलीत घालणार आहे. तिनं वाचू नये असं यात एकच वाक्य आहे, ते अजून लिहायचं राहिलंय. पूर्ण पगारावर घर चालायचं तेव्हा आम्ही तिघी तीन वेगवेगळ्या वेळी जेवायचो. आता आमटी पातळ आहे, सगळ्या एकदम बसतो, धाकटी त्या ढ पोरींच्या नकला करते, आणि हा हुकूम आणखी थोडे दिवस येऊही नये, टळूही नये, असं मला वाटतं.