ओझं उतरवायचा ओटा

माय, दोन महिन्यांपूर्वी आमच्या चौकात एक ओटा बांधून झाला आणि तो तुला दाखवता येत नाही याचं मला फार वाईट वाटतंय. ओटा म्हणजे काही मोठं बांधकाम नाही. लांबट, दगडी, वरून गुळगुळीत आणि बाईच्या खांद्याइतका उंच. त्यावर बसता येत नाही, झोपता येत नाही, म्हणून नवा माणूस विचारतो की हे केलंय तरी कशाला. मग बाजाराच्या दिवशी घाटातून जीप खाली येतात. बाया उतरतात, एकमेकींच्या डोक्यावर टोपल्या चढवतात आणि चौकाकडे चालायला लागतात. ओट्यापाशी आली की प्रत्येक जण अर्धं पाऊल वळते आणि डोक्यावरची टोपली सरळ ओट्यावर सरकवते. कोणाला हाक नाही की कोणाचा हात नाही. मी प्रत्येक बाजाराला सकाळी जाऊन हे बघते आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते. पुढे मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली, आणि आता घाटाखालच्या या बाजाराच्या गावात इंजिनीअर आहे. लोक मला मॅडम म्हणतात. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तर वरून योजना आली की गावाचा मुख्य चौक स्मार्ट करायचा. कॅमेरे, रंगीत फरशी, जीपच्या वेळा दाखवणारा झगमगता बोर्ड, फुलझाडं आणि बसायला छान बाकं. नकाशा मीच काढला. महिनाभर खपून काढला आणि खरं सांगते, तो मला इतका आवडला होता की मी त्याचा फोटो मोबाइलवर लावला होता. चौकाच्या तोंडाशी जुन्या नाक्याची एक पडकी भिंत होती. ती डोळ्यांना खुपत होती, म्हणून मी ती लाल पेनाने खोडून टाकली.

योजनेत एक अट होती. गावातल्या लोकांना, बाजाराला येणाऱ्यांना, विशेषतः डोंगरातल्या बायांना आणि अपंगांना नकाशा दाखवायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि तसा अहवाल जोडायचा. मी ऑफिसच्या हॉलमध्ये सभा बोलावली. खुर्च्या मांडल्या, पडदा लावला, चहा सांगितला. डोंगरातल्या बाया आल्या आणि खुर्च्या सोडून भिंतीकडेला जमिनीवर बसल्या. मी दहा मिनिटं नकाशा दाखवला आणि विचारलं, कोणाची काही हरकत आहे का? कोणीही बोललं नाही. शेवटी भाजी विकणारी एक जण म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकेल सवरेल शेतस. तुम्ही करशात ते चांगलंच करशात." डोंगरातल्या बाया पडद्याकडे बघत राहिल्या, चहा घेतला आणि उठल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका होती, तिला आपली मराठी चांगली येते. जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, या गप्प बसल्या म्हणजे त्यांना चालेल असं नाही. आमच्यात असं लगेच नाही सांगत. पाड्यावर जाऊन बसतील, सगळ्यांना विचारतील, मग पुढच्या बाजाराला सांगतील." मी हो हो म्हणाले. संध्याकाळी अहवालात लिहिलं, 'उपस्थितांची हरकत नाही', खाली सही केली आणि पाठवून दिला. त्या वेळी मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही.

पुढच्या बाजाराला सकाळीच सेविकेचा फोन आला. "मॅडम, चौकात या. उत्तर आणलंय." मला वाटलं, अंगठे उठवलेला एखादा अर्ज असेल. गेले आणि जागच्या जागी थांबले. चुलीच्या राखेने त्यांनी अख्ख्या चौकभर माझा नकाशा आखला होता. लहान करून नाही, खऱ्या मापाचा. बाकं जिथे होती तिथे बाकांच्या चौकटी, दिव्यांच्या खांबांना गोल, बोर्डाला आडवी रेघ. पडद्यावर दहा मिनिटं बघितलेला नकाशा. लिहिता-वाचता येत नाही म्हणून ज्यांच्यासाठी मी मुद्दाम रंगीत चित्रं घातली होती, त्या बायांनी तो डोक्यात भरून घाट चढवला होता, पाड्यावर सगळ्यांना सांगितला होता आणि पावलं मोजून परत जमिनीवर उतरवला होता. मी माझा कागद काढून ताडून बघितलं. फुलझाडांचा एक वाफा सोडला तर सगळं जिथल्या तिथे होतं. एवढी वर्षं नकाशे काढते आहे, माय, पण मला माझा नकाशा असा तोंडपाठ नव्हता.

मग एक म्हातारी पुढे आली. अंगाने एवढीशी, गळ्यात चांदीची हसळी, डोक्यावर सीताफळांची भरलेली टोपली. ती राखेच्या रेघांमधून माझ्या आखलेल्या वाटेने चालत आली आणि बाकाच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली. नुसती उभी. आजूबाजूच्या बाया मुद्दाम हात बांधून बघत होत्या. म्हातारी तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. सेविका म्हणाली, "ती विचारतेय, आता हे कुठे ठेवू?" मी म्हणाले, कोणीतरी हात देईलच की. सेविकेने ते सांगितल्यावर बायांमध्ये हशा पिकला. म्हातारीचं उत्तर आलं, "सगळ्या जणी टोपल्या घेऊन येतात, तेव्हा हात कोणाचा रिकामा असतो?" एवढं बोलून ती वळली, नाक्याच्या त्या पडक्या भिंतीपाशी गेली आणि टोपली वर सरकवून मोकळी झाली. मी जवळ जाऊन बघितलं. भिंतीचा वरचा दगड मधोमध घासून घासून खोलगट झाला होता. मी अकराला ऑफिसला येते. तोवर सगळ्यांची ओझी उतरलेली असतात, त्यामुळे ती भिंत कशाच्या कामाची आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मला त्या क्षणी तू दिसलीस. पुरुषोत्तमनगरला कारखान्याची क्वार्टरं बांधायचं काम चाललं होतं आणि तू विटा वाहत होतीस. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सुट्टी होती म्हणून मला बरोबर नेलं होतंस. मदत म्हणून मी विटांचा एक छोटा चौथरा रचला होता, माझ्या गुडघ्याएवढा, आणि त्याकडे बोट करून तुला म्हणाले होते, माय, आठे ठेव. तू डोक्यावर दहा विटा घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. घाम तुझ्या डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. तू ओरडलीस, "डोया शेत ना वं तुले? डोकावर वझं ऱ्हायनं ते खाले वाकता येस का? मान मोडी जाई मन्ही!" मी रडले. संध्याकाळी तू मुकादमाने टाकून दिलेला एक टेप मला आणून दिलास. पहिले नऊ इंच तुटलेले होते, त्यामुळे काहीही मोजलं की त्यातून नऊ वजा करावे लागायचे. त्या टेपने मी सगळ्यात आधी तुला मोजलं. भिंतीला उभी करून तुझा खांदा कुठवर येतो त्याची कोळशाने रेघ मारली. मला तेव्हा ते सगळं कळलं होतं, माय. नऊ-दहा वर्षांची असताना कळलं होतं. शिकून आल्यावर मी चौकभर गुडघ्याएवढी बाकं आखून ठेवली.

त्यांचं उत्तर एवढ्यावर संपलं नव्हतं. बाजारात चपला शिवणारा एक जण आहे, त्याचे पाय लहानपणीच गेलेत, हाताने पेडल मारायच्या तीन चाकी सायकलवर येतो. म्हातारीने त्याला बोलावलं, राखेच्या रेघांमधून जायला सांगितलं आणि जिथे त्याचं चाक एखाद्या रेघेवर चढलं तिथे दगड ठेवला. भिंतीच्या जागी ओटा हवा पण सलग नको, मध्ये याच्या सायकलीएवढी फट सोडा, असं त्यांनी पाड्यावर आधीच ठरवून आणलं होतं. तो त्यांच्या पाड्याचा नाही, नात्याचा नाही, त्याचा विचार करा असं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. सभेला तो आला नव्हता, कारण आमच्या हॉलला सात पायऱ्या आहेत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो मान खाली घालून चाकाचा चिखल काढत बसला. मग मी विचारलं, ओट्याची उंची किती ठेवू? म्हातारीने बायांना ओळीने उभं केलं, त्यातली सगळ्यात बुटकी पुढे ओढली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. सेविकेने सांगितलं, "म्हणते, हिच्या मापाने करा. उंच बाई थोडी वाकेल. बुटकी कुठून वाढणार?" मी टेप काढून माप घेतलं. 

त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, अहवाल परत मागवायचा आहे. ते म्हणाले, आता? हरकत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? मी म्हणाले, गप्प बसणं म्हणजे होकार असं मी धरलं, ते चुकलं. ते चिडले, कारण काम सुरू व्हायला चारच दिवस राहिले होते. पण मी हटून बसले. नवा नकाशा काढला, सेविकेला शेजारी बसवून प्रत्येक रेघ विचारली. बाकं निम्मी झाली. जीपच्या बोर्डाला बायांनी आवाज जोडायला लावला, त्यांच्या बोलीतला, आणि तो सेविकेच्याच आवाजात भरला. भिंत होती तिथे ओटा झाला. ज्या दिवशी पहिली टोपली त्यावर टेकली त्या दिवशी मी चौकात उभी राहून वेड्यासारखी हसत होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मागच्या आठवड्यात वरचे मोठे साहेब चौक बघायला आले. बरोबर चार-पाच गाड्या. ते ओट्याजवळ थांबले, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि म्हणाले, "असं मी राज्यात कुठे बघितलं नाही. कोणाच्या डोक्यातून आलं हे?" आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या मॅडमच्या." मोठे साहेब माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर म्हणाले, "वा. अशी माणसं पाहिजेत." मी म्हणाले, "थँक यू सर." फोटो निघाला. जाताना ते म्हणाले, गावातला दुसरा चौक आणि खांडबाऱ्याकडच्या रस्त्यावरचा बाजार, दोन्हीचे नकाशे यांच्याकडूनच करून घ्या. इतकी समज असलेली इंजिनीअर असताना सभा-बिभा घेऊन वेळ घालवायचं कारण नाही, महिन्यात टेबलावर पाहिजेत. म्हणजे आता त्या बायांना कोणी विचारणार नाही, माय. मी एकदा खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं. त्या बाजाराला कोण काय डोक्यावर घेऊन येतं, मला काय माहीत? मी तिथे एकदाही सकाळी गेलेली नाही.

मोठ्या साहेबांना पत्र लिहायचं आहे की ती कल्पना माझी नव्हती, कोणाची होती, आणि बायांना बोलावल्याशिवाय मी पुढची एक रेघ मारणार नाही. तीन दिवस झाले, वर 'प्रति' लिहून बसले आहे. त्या कागदाच्या जागी हा कागद भरत गेला, आणि हा कुठे पाठवायचा नाही म्हणून भरभर भरला. मी का अडले आहे ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. साहेबांची भीती नाही मला. ती शाबासकी मला आवडली, माय.