एकोणीस खोकी आणि भोपळेभावजी यांची व्यवस्था

मी, खाली स्वतःच्या हाताने सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तिसरी पास (चौथीत बसले होते, पण पाठच्या भावाला सांभाळायला उठवलं), धंदा घरकाम व देखावे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा सोडला तर बाकीचा देह कुरकुरत का होईना चालतो आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करते आहे. समोर वकीलबाई बसल्या आहेत, पण त्या दडपण आणत नाहीत. मधून मधून "आजी, मुद्द्यावर या" एवढंच म्हणतात. मी मुद्द्यावरच आहे. माझे मुद्दे जरा लांब राहतात.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असल्यास ते रद्द समजावं, असं लिहावं लागतं म्हणे. जे केलंच नाही ते रद्द कसं करायचं, असं मी विचारलं, तर वकीलबाई हसल्या आणि लिहा म्हणाल्या. लिहिलं.

कलम एक. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिना, हे माझ्या पश्चात माझ्या मुलाचं. अट एकच, मागच्या खिडकीजवळचं टेबल हलवू नये. तिथे फ्रिज ठेवायचं सूनबाईच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. फ्रिज जिन्याखाली छान बसेल. मी मोजून पाहिलं आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते मुलगा आणि सून दोघांना मिळून. भांडण्याइतकं ते नाही.

कलम तीन. शिवणयंत्र धाकट्या जाऊबाईंना. माझी पहिली खोकी पाहून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "नवरा लढाईवर आणि ही बाहुल्या खेळतेय." शिवाय त्यांच्या पोरांना खेळायला देऊन खोक्यातल्या एका बोटभर शिपायाचा पाय मोडवला, तो अजून लंगडतो. तरी यंत्र त्यांनाच, कारण चालवता येतं फक्त त्यांना. देताना सुई नवी घालून द्यावी. जुनी बोथट आहे, ती तशीच गेली तर मी मुद्दाम ठेवली असं त्या म्हणतील. ठेवलीही असती.

कलम चार. माझी हत्यारं, म्हणजे बारीक चिमटा, भिंग, ब्लेडच्या पात्यांचा डबा, तारा, डिंकाची बरणी आणि ह्यांचा तीन केसांचा ब्रश, हे सगळं माझ्या नातीला. तिला आम्ही मुंगी म्हणतो. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिथलं उरलेलं प्लास्टर मला आणून देते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. मागच्या आठवड्यात तिनं तांदळाच्या दाण्याएवढी किटली केली, आणि किटलीला झाकण, आणि ते झाकण निघतं. मी दिवसभर तेच काढत आणि लावत बसले.

कलम पाच. खोकी. वकीलबाई, इथे मला घाई करू नका.

खोकी एकूण एकोणीस आहेत. प्रत्येकाला पुढून काच, आणि आत लढाईचा एकेक देखावा. माणूस म्हणजे माझं मधलं बोट, या मापाने सगळं केलेलं. चिखल चहाच्या चोथ्याचा, तंबू शिंप्याकडच्या चिंध्यांचे, पेट्या काड्यापेटीच्या आणि धूर कापसाचा.

माझं लग्न झालं आणि आठ महिन्यांत हे लढाईवर गेले. मला वाचता येई, पण अक्षर लावता लावता दूध उतू जाई. ह्यांना ते माहीत होतं. त्यामुळे हे पत्र लिहीत नसत, कार्डावर चित्र काढून पाठवत. हे मुळात पाट्या रंगवणारे, हात चांगला. चित्रात नेहमी दोन शिपाई असत. एक लांबडा, लोखंडी टोपी डोळ्यांवर आलेली, ते हे. दुसरा गोल, पट्टा न पुरणारा, तो ह्यांचा दोस्त. त्याला पलटणीत भोपळ्या म्हणत. मी कशी म्हणणार? मी भोपळेभावजी म्हणायची. पहिल्या कार्डात दोघं एका घोंगडीत झोपलेत आणि चारही पाय बाहेर. दुसऱ्यात भावजी बुटातून पाणी ओततात आणि त्यातून मासा पडतो. तिसऱ्यात कच्चे बटाटे खाऊन भावजी पोट धरून बसलेत.

ती चित्रं नुसती पाहून माझं भागेना. आत हात घालावासा वाटे. मग बुटाचं खोकं घेतलं आणि पहिला देखावा केला.

चौथं कार्ड आलं त्यात लांबडा एकटाच बसलेला होता, आणि शेजारी हा एवढा काळा डाग. मला वाटलं दगड आहे, डोंगराळ भाग असणार. भावजी दिसेनात, तर वाटलं दगडामागे झोपले असतील. मी कोळशाची भुकटी डिंकात कालवून तसाच्या तसा काळा दगड केला, आणि भावजी एकटे मागे कशाला, म्हणून त्यांना दगडावर बसवलं. हातात बटाटा दिला, उकडलेला. आणि ह्यांना मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या की भावजींचं पोट बरं आहे का, त्यांना जपा.

पाचव्या कार्डात भावजी आले. मग सहाव्यात, सातव्यात, थेट एकोणिसाव्यापर्यंत होते.

हे परत आले तेव्हा माझी सहा खोकी झाली होती. मी एकेक दाखवत गेले. चौथ्यापाशी हे बराच वेळ थांबले आणि पाणी मागितलं. मला वाटलं, बायकोचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, भावजींना एकदा जेवायला बोलवा. तर म्हणाले, त्याची बदली झाली, फार लांब. पुढची तेरा खोकी आम्ही दोघांनी मिळून केली. हे शेजारी बसायचे, बूट असे नसतात, खंदक एवढा खोल नसतो, अशा चुका काढायचे. भावजींचा चेहरा मात्र मला रंगवू देत नसत. मी रंगवलेले सहासुद्धा पुसून परत रंगवले.

सत्तेचाळीस वर्षांनी, शेवटच्या आजारपणात, एका दुपारी हे मला म्हणाले, "तो दगड दगड नाही."

"मग काय आहे?"

"मी लिहिलं होतं तिथे. भोपळ्या गेला म्हणून. असलं काही घरी कळू द्यायचं नसे, पत्र तपासणाऱ्यांनी वर शाई ओतली."

मी म्हटलं, पण पुढच्या पंधरा कार्डांत तर ते आहेत.

"तू विचारलंस ना, पोट बरं आहे का. मग काढला त्याला. आणि एकदा काढला की तो असायचा गं."

मी ज्यावर भावजींना बटाटा देऊन बसवलं होतं, ती त्यांच्या जाण्याची बातमी होती. हे मी मुलाला सांगितलं नाही, मुंगीला नाही, कोणाला नाही. खोक्यालाही हात लावला नाही.

आता तंटा काय ते लिहिते. गावातल्या संग्रहालयाचे साहेब खोकी बघून गेले. सगळी घेऊ म्हणाले, एक पूर्ण खोली देऊ म्हणाले. पण त्यांनी पलटणीची जुनी नोंदवही काढून पाहिली, तर भोपळेभावजी तिसऱ्या महिन्यातच गेलेले. चौथ्या कार्डावरचा डागही त्यांनी शाईचा म्हणून ओळखला. तेव्हा चौथ्यातला दगड आणि तिथून पुढचे सगळे भावजी काढावे लागतील, कारण संग्रहालयात खरं तेवढंच ठेवतात. माझ्या मुलाला ते पटलं. त्याचा हेतू वाईट नाही, बापाचं नाव व्हावं एवढंच त्याला हवंय. मला म्हणाला, "आई, नाहीतर ही खोकी माळ्यावर धूळ खातील. तुझ्यामागे बघणार कोण?" खरं सांगते, माझं मन डळमळलं. एक खोली, काचा, दिवे, शाळेतली पोरं रांगेने बघायला येणार. हे कोणाला नको असतं?

मग वाटलं, भावजी काही आमच्या घरचे नव्हेत. त्यांना काढायचं की ठेवायचं हे त्यांच्या माणसांनी सांगावं. मुंगीनं नोंदवहीतल्या पत्त्यावरून शोध घेतला. भावजींची मुलगी सापडली. सत्तावन्न वर्षांची, एका शाळेत वाचनालय बघते. भावजी गेल्यावर दोन महिन्यांनी जन्मलेली. आई लवकर गेली, घरात फोटो एकही नाही. गेल्या रविवारी ती आली.

एकोणीसच्या एकोणीस खोकी तिनं खुर्ची सरकवत सरकवत पाहिली. मग विचारलं, "ते असे बसायचे का हो, पाय पसरून?"

मला लाज वाटली, पण खोटं बोलवेना. म्हटलं, "बाई, मी तुझ्या वडिलांना कधी पाहिलंच नाही. सगळं चित्रावरून केलंय."

ती म्हणाली, "मग आपण दोघी सारख्याच की."

मी तिला भिंग दिलं. चेहरा पाहा म्हटलं, तेवढा माझा नाही, ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांनी रंगवलाय. कार्डांवर भावजींचं नाक सरळ आहे, पण रंगवताना हे ते जरासं डावीकडे वाकडं करायचे. मी विचारलं की म्हणायचे, ब्रश घसरला. एकोणीस वेळा ब्रश एकाच बाजूला घसरला. तिनं पाहिलं, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकावर गेला. मग अकराव्या खोक्यातले भावजी, चड्डी वाळत घालून पिंपात लपलेले, पाहून ती इतकी हसली की मुंगी स्वयंपाकघरातून धावत आली.

माझा मुलगा तिला समजावू लागला की चौथ्यापासून पुढचं खरं नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे, दादा. पण तुमच्या वडिलांनी त्यांना पंधरा कार्डं जास्त दिली. ती आता मी परत घेऊ का?"  मग मुलानंच उठून तिला चहा ओतला.

सबब माझी इच्छा अशी. एकोणीसही खोकी दगडासह आणि भोपळेभावजींसह, आहेत तशी एकत्र राहावीत. जे खरं घडलं ते चौथ्या खोक्याखाली पाटीवर स्पष्ट अक्षरात लिहावं, कोणाला फसवायचं नाही, पण काचेच्या आत हात घालू नये. संग्रहालयाला असं चालत असेल तर खोकी त्यांची. चालत नसेल तर मुंगीची, आणि मग रविवारी शाळेतल्या पोरांनी आमचा जिना चढून यावं.

कलम सहा. पहिलं, दुसरं व तिसरं खोकं भोपळेभावजींच्या मुलीला द्यावं, असं मी इथे लिहिलं होतं, कारण त्यात ते खरोखर होते. ते खोडलं आहे, तिच्याच सांगण्यावरून; आज ती परत आली आहे. ती म्हणाली, तिन्ही मी नेली तर बघणाऱ्याला वाटेल हा माणूस चौथ्यात अचानक उगवला. मग तिनं वकीलबाईंना विचारलं, साक्षीदार म्हणून मी सही केली तर? वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेत नाहीत, दोन्हींपैकी एकच काहीतरी. तिला विचार करायला हातातला चहाचा पेला खाली ठेवण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. म्हणाली, साक्षच.

कलम सात. उरलेलं काही सापडलं तर मुंगीनं ठरवावं. मी गेल्यावर कोणी फार रडू नये. मी मजेत होते.

वर लिहिलेलं मी स्वतः लिहिलं, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ते माझंच आहे याची खात्री करून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) मृत्युपत्र करणारी

ठिकाण: मागच्या खिडकीजवळचं टेबल
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच. वार मंगळवार, सकाळचे अकरा.

साक्षीदार पहिला: समोरच्या दुकानातला चष्मेवाला. मला अठरा वर्षं ओळखतो.
(सही)

साक्षीदार दुसरी: शाळेच्या वाचनालयातली बाई. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, हे तिला समजावून सांगितलं आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहू असं तिनं विचारलं. मी म्हटलं, वडिलांचं नाव लिही, ते इथलेच आहेत.
(सही) भोपळेभावजींची मुलगी