सभागृहात मी बोललेल्या एका वाक्याविषयी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, आधी पत्र्याच्या कारखान्याचा मालक, नंतर दोनदा आमदार आणि आता घरातल्या अडगळीत जमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. इतकी वर्षं ते कुठे होतं, याचा दाखला कोणी देत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हे काम केव्हाच झालं असतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या बायकोची. त्याचं काय करावं, हे तिला कोणी शिकवू नये. निवडणुकीत तिने दारोदार जाऊन माझ्यासाठी हात जोडले. "शब्दाचा पक्का माणूस आहे," असं ती लोकांना सांगायची. तिला तोंडघशी मीच पाडलं. मी गेल्यावर दारावरची "माजी आमदार" ही पाटी त्याच दिवशी उतरवावी. मंत्र्यांबरोबरचे फोटो रद्दीत द्यावेत, पण काचा आधी काढून. रद्दीवाल्याचा हात कापायला नको.

२. गाडी मुलाने घ्यावी. मेहुण्याला काहीही देऊ नये. ऐन प्रचारात तो विरोधकाच्या मंडपात जेवून आला आणि वर मलाच म्हणाला, "दाजी, जेवण तिकडचं चांगलं होतं." हे मी विसरलेलो नाही.

३. कारखाना आणि त्यातली सगळी यंत्रं मी उस्तादांना देतो. उस्ताद म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या आमच्या प्रेसवरचे सर्वांत जुने कारागीर. सोळाव्या वर्षी वडिलांनी मला त्यांच्या हाताखाली घातलं. पत्रा कसा धरायचा, इथपासून त्यांनी मला शिकवलं. पुढचा मजकूर वकीलबाई "लिहू नका" म्हणत असतानाही लिहितो.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. काम सुरक्षित होतं, पण हळू होतं. माझ्या पहिल्या निवडणुकीचे बिल्ले आम्ही तिथेच काढत होतो आणि नऊ दिवस उरले होते. मी एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवलं. मी, स्वतः. उस्ताद म्हणाले, "अरे, हे बरं नव्हे." मी म्हणालो, "निवडून येऊ द्या उस्ताद, नवी प्रेस आणतो." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यांना दवाखान्यात धाडलं आणि सरकारी तपासनीस यायच्या आत मी पाचर काढून टाकली. अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं आलं, भरपाईही बुडाली. मी निवडून आलो.

एवढ्यावर तरी थांबायचं! दुसऱ्या खेपेला लहान कारखान्यांना वार्षिक तपासणीतून सूट देणारी दुरुस्ती मीच मांडली. मला म्हणे धंद्याची जाण होती. सगळं ठीक आहे असं मालकाने स्वतःच लिहून दिलं की झालं. समोरच्या बाकांवरून कोणीतरी विचारलं, "आणि अपघात झाला तर?" मी छाती काढून म्हणालो, "अध्यक्ष महोदय, माझ्या कारखान्यात आजवर एकच झाला, तोही कामगाराच्या बेफिकिरीमुळे." बाकं वाजली. दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली.

ते वाक्य कामकाजाच्या छापील वृत्तांतात आहे. उस्तादांच्या मुलीने ते वाचलं. मग उस्ताद माझ्याकडे आले, एकदाच. म्हणाले, "बोटांचं राहू दे. ते खोटं आहे, एवढं तिथेच उभा राहून सांग." मी म्हणालो, पुढच्या अधिवेशनात सांगतो. अशी सात अधिवेशनं गेली. लाजही वाटत होती आणि तिकीटही हवं होतं. मग मी पडलो, आणि पडलेल्या माणसाला सभागृहात तोंड उघडता येत नाही.

४. आमदार मेला, माजी असला तरी, सभागृहात शोकप्रस्ताव येतो. त्याचे गोडवे गातात आणि दोन मिनिटं उभे राहतात. माझे गोडवे गाऊ नयेत. त्याऐवजी अध्यक्षांच्या नावाचं सोबतचं पत्र वाचावं: पाचर मी ठोकली, कामगाराची चूक नव्हती, मी सभागृहात खोटं बोललो. बहुधा वाचणार नाहीत. तसं झालं तर मुलाने हा कागद वर्तमानपत्रात छापून आणावा. त्याला लाज वाटेल. वाटू दे, मला रोज वाटते.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर, माझ्या हस्ताक्षरात:

आज उस्तादांना घरी बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तिसरं कलम स्वतः पुन्हा वाचलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण?" एक वकीलबाईंचा कारकून, दुसरा अजून ठरायचा होता. "मग दुसरा मी."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. सही केलीत तर कारखाना हातचा जाईल."

"जाऊ दे."

मी म्हणालो, "उस्ताद, असं नका करू. तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही."

"हे खरं आहे असं सांगणारा आणखी कोणी नको का?" ते म्हणाले. "तुझ्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

तेव्हा दुसरे साक्षीदार उस्तादच. कारखान्याचं काय करायचं ते बायकोने ठरवावं. बाकी कलमं आहेत तशीच राहतील.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: नऊ जानेवारी, सकाळी साडेअकरा

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार १: वकीलबाईंचा कारकून
साक्षीदार २: उस्ताद, प्रेस कारागीर (सही डाव्या हाताने)