सतराव्या गीतातली रिकामी जागा

१७ नोव्हेंबर १९८५, सेलू

स्वतःच्या हातानं केलेलं, आजवर:
गिटारचा पूल, तारा खाली टेकतात तो. शिसवीचा, मोडक्या खुर्चीच्या पायातून. तीनदा बिघडला, चौथा बसला.
वरची खाचपट्टी, तारा ज्यातून जातात ती, म्हशीच्या शिंगाची.
कॅपो, साऱ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा. पितळी पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एक स्क्रू. बाजारातला एकदाच पाहिला, पुण्याच्या पाहुण्याकडं. माझा जास्त घट्ट.
आणि वही. तेवीस नाताळ गीतं, चार आवाजांची, सहा तारांवर आणलेली. पाच रेघांची इंग्रजी स्वरलिपी कुणी शिकवली नाही. प्रत्येक सुराखाली बोटाचा आकडा. खाडाखोड नाही.

शहरातल्या गीतसमितीचं पत्र आलं. वही छापायचा विचार आहे. चिटणीस २२ डिसेंबरला झरीला येऊन ऐकणार, तिथल्या मंडळीतल्या बायका चांगल्या गातात म्हणून. छापील पुस्तक. माझं नाव. बायकोला, मार्थाला, दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

२४ नोव्हेंबर, रवि.

झरी. बायकांची पहिली तालीम. परभणीपर्यंत पॅसेंजर, पुढं एसटी. क्र. १७ पासून सुरुवात केली, मेंढपाळांचं. चर्चच्या गीतपुस्तकात काळी पाचमध्ये आहे. गिटारला ती पट्टी वाईट, जिथं तिथं बोट आडवं धरावं लागतं. मी पांढरी सहावर उतरवलं. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की परत काळी पाच. स्वच्छ काम.

तिसऱ्या ओळीत सगळ्यात वरचा सूर, ग. मी वाजवला, आणि एकट्यानंच वाजवला. अकरा बायका एकदम गप्प. पुढच्या सुराला परत सुरू, काही झालंच नाही अशा. वाटलं विसरल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

१ डिसेंबर, रवि.

दीड तास त्या एका सुरावर. पुढं गाणाऱ्या रूथबाई, सत्तरीच्या, शेरडं राखतात. बाकीच्या त्यांच्या तोंडाकडं बघून गातात. म्हणालो, बाई, पुस्तकात तिथं सूर आहे.
“आसंल. आमी तिथं दम घेताव.”
दम ओळीच्या शेवटी घ्यायचा असतो, मी म्हणालो.
“ती तुमची गिटार. तिला धाप लागत न्हाई.”
बायका हसल्या. मी नाही.

चिटणिसांसमोर असं झालं तर ते म्हणणार, या माणसाला लिपी वाचता येत नाही. मग कसली छपाई.

५ डिसेंबर

जिनिंग मिलमध्ये कामावर कापसाचा जोर. अकरा तास. दोन बेअरिंगं बदलली. डाव्या हाताचं पहिलं बोट सुजलंय, आडवं धरवत नाही. घरी आल्यावर गिटार नुसती मांडीवर.
मार्था म्हणाली, “तेवीस झाली ना? चोविसावं झरीच्या भांडणाचं बसवा.”

८ डिसेंबर, रवि.

विद्यापीठ नामांतराचा रस्ता रोको. एसटी अर्ध्या वाटेत उभी. गिटार खांद्यावर, सहा किलोमीटर पायी. रस्त्यात बसलेल्यांत रूथबाईंचा भाचा होता. घोषणा देता देता थांबून म्हणाला, “मास्तर, मावशीला सांगा, जेवायला येतो.”

१७ चा विषय नको म्हणून क्र. ९ घेतलं. पांढरी पाच, गिटारला सरळ. तिथंही दोन जागी गप्प. दोन्ही वेळा प वर. मी पुढचं गीत घेतलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

परतीच्या गाडीत हिशेब लागला. १७ मधला ग, काळी पाचमधून. ९ मधला प, पांढरी पाचमधून. गाणी वेगळी, पट्ट्या वेगळ्या, पण पेटीवर कळ एकच पडते. वरची पांढरी दोन. विसरणारं माणूस इतक्या नेमानं विसरत नाही.

१५ डिसेंबर, रवि.

रूथबाईंना विचारलं, गाणी कुणी शिकवली. मिशनच्या मडमनी, त्या लहान असताना. मडमचा गळा गेलेला, गायच्या नाहीत. पेटीवर वाजवायच्या, पोरी ऐकून म्हणायच्या.

पेटी आहे अजून. चर्चच्या मागच्या खोलीत, कडब्याखाली. भाता उंदरांनी खाल्लेला. खोलली. बाकी सगळ्या सुरांच्या पितळी पट्ट्या मोकळ्या. वरच्या पांढऱ्या दोनखाली कागदाची घडी कोंबलेली. बारीक, कात्रीनं नीट कापलेली. तो सूर अडकून सारखा ओरडत असणार. मडमनी त्याचं तोंड कायमचं बंद केलं आणि उरलेल्यांवर शिकवलं. इथं दुरुस्तीला कोण होतं? मीही तेच केलं असतं. घडी इतकी सरळ मात्र माझी आली नसती.

“तिथं मडमची पेटी गप बसायची,” रूथबाई म्हणाल्या. “मग आमी कसं बोलावं?”

घडी काढली नाही. झाकण लावलं. कडबा परत वर.

१८ डिसेंबर

क्र. १७, तिसरी ओळ: ग खोडला, विराम लिहिला. क्र. ९: दोन ठिकाणी तसंच. वहीतली पहिली खाडाखोड. ब्लेडनं खरवडून पाहिलं, कागद फाटायला लागला. मग एक सरळ रेघ मारली.

बरोबर केलं का, माहीत नाही. लय दमलोय.

२२ डिसेंबर, रवि.

चिटणीस जीपनं आले. ऐकणारा माणूस आहे, हे मान्य. नऊ गीतं ऐकली, मधे एकदाही बोलले नाहीत. १७ ची तिसरी ओळ आली. सगळ्या थांबल्या, मीही थांबलो. एवढ्या वेळात बाहेर एक शेरडू ओरडलं. मग पुढं.

नंतर वही चाळली. रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “काम अव्वल आहे, मास्तर. एवढी खेड्यातली चूक तेवढी काढा. सूर पुस्तकाप्रमाणे द्या.”

हेच मी रूथबाईंना म्हणालो होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि कानशिलं तापली.

मडमची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. म्हणाले, प्रस्तावनेत घालू दोन ओळी. पण झरीची पेटी बिघडली म्हणून साऱ्या महाराष्ट्रानं का गप्प बसावं? मी वही मिटून पिशवीत घातली. महिनाअखेर कळवा म्हणाले.

२५ डिसेंबर

झरीत उपासना. १७ चांगलं झालं. रूथबाईंनी सलाम केला, पोरीबाळींसमोर विचारलं, “मास्तर, आमचं गाणं पुस्तकात येनार म्हनं?”
बघू, म्हणालो. त्यांना ते हो वाटलं.

३० डिसेंबर

मार्था म्हणते, “एक सूर तर हाय. टाका की. कुनाला कळनार हाय?” खरं आहे. पाच मिनिटांचं काम. काल दौत काढून बसलो होतो, पण सूर घातला नाही.

बायकांसाठी केलं, का कुणी माझ्या वहीवर बोट ठेवलं म्हणून? दोन्ही असेल. रूथबाईंना सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते सुचत नाही.

सकाळी मिलला जाताना पोस्टकार्ड टाकलं. मजकूर इथं उतरवून ठेवतो:
आपला प्रस्ताव: तेवीस गीतांची वही, छपाईच्या सर्व हक्कांसह, मुखपृष्ठावर माझे नाव, क्र. ९ व क्र. १७ पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करून, एकरकमी रुपये पंधराशे. स्वीकारता येत नाही.